नव्वद जणांचं एकच सँडविच

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या सुलभाताई दोनदा घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, काकू, तुम्ही एवढी वर्षं काम केलंत, लिहा ना. तुमचा संघर्ष लिहा. मी म्हटलं, संघर्ष केला असेल तर माझ्या गुडघ्यांनी केला, त्यांना विचारा. मी कँटीन चालवलं. त्या म्हणाल्या, मग कँटीनवर लिहा. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी. त्या म्हणाल्या, शुद्धलेखन आम्ही बघू. तेव्हा चुका सापडल्या तर त्या त्यांच्या समजाव्यात.

मिरजेहून जयपूरला कशी आले, नवरा कधी गेला, मुलगा कसा शिकला, हे सगळं गाळते. ते बहुतेक बायकांचं सारखंच असतं आणि वाचणारा दुसऱ्या पानावर झोपतो. एवढंच सांगते की विद्याधर नगरात एका मोठ्या ऑफिसच्या तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला माझं कँटीन होतं. ऑफिसचं नाव लिहीत नाही. माणसं नव्वदेक. सकाळी चहा-पोहे, दुपारी थाळी आणि चार वाजता सँडविच. मदतीला कमला. ती इथलीच, मुरलीपुऱ्याची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि तोंडानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी.

कचोरीच्या वाटेला मी कधी गेले नाही. ती इथल्या लोकांना येते, तशी मला जन्मात आली नसती. पण सँडविच त्यांना येत नव्हतं. काकडी-टोमॅटो चिरून पावात कोंबायचे, वर सॉस ओतायचा, झालं. खाणाऱ्याच्या शर्टावर निम्मं आणि पोटात निम्मं.

तुम्ही साहेबलोक हसाल, पण सँडविच हे काम आहे. लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत लावायचं. लोक मध्ये बचकाभर लावतात आणि कडा कोरड्या सोडतात. लोणी चवीसाठी नसतंच, तो पावाचा रेनकोट आहे. चटणी घट्ट पाहिजे. कोथिंबीर, मिरची, लिंबू आणि मूठभर डाळं, म्हणजे पाणी सुटत नाही. टोमॅटो पावाला टेकता कामा नये, तो मधोमध. काकडीला मीठ अगदी शेवटी, आधी लावलं की ती रडायला लागते. बटाटा उकडून पूर्ण गार झाल्यावरच कापायचा. हे सगळं करून मग ग्रिलरवर दाबायचं, एका वेळी दोन. दोन म्हणजे दोनच. चौघे रांगेत असले की तिसरा घड्याळ बघतो आणि चौथा माझ्याकडे.

गिऱ्हाईकं एकेक होती. दुबेजी नावाचे एक होते, ते कडा काढून द्या म्हणायचे. मी कडा काढून दिल्या की म्हणायचे, "कडा फेकू नका, इकडे द्या." मग आधी सँडविच खायचे, नंतर कडा चहात बुडवून खायचे. मी एकदा विचारलं, मग काढायच्या कशाला? तर म्हणाले, "काकीजी, दोनों का मज़ा अलग है." एक मॅडम होत्या, त्यांना डॉक्टरांनी पाव बंद केला होता. त्या यायच्या आणि म्हणायच्या, "मुझे सैंडविच दीजिए, ब्रेड के बिना." मी बशीत काकडी, टोमॅटो, बटाटा रचून द्यायचे आणि वर चटणी. त्या डोळे मिटून खायच्या आणि मैत्रिणींना सांगायच्या की काकींचं सँडविच जयपुरात एक नंबर आहे.

आणि एक आपलाच माणूस होता, पुण्याहून बदलून आलेला. पहिल्याच दिवशी खिडकीशी उभा राहून मला सांगायला लागला, "काकू, तिकडे चटणीत पुदिना असतो. तिकडे बीट पातळ कापतात. तिकडे असं त्रिकोणी नाही, सहा तुकडे करतात."

मी म्हटलं, "तिकडची गाडी किती वाजता आहे?"

तो तीन वर्षं राहिला. रोज खाल्लं. पुन्हा तिकडचं नाव काढलं नाही.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले ते पाटनीजी. रेकॉर्ड विभागात होते. बारीक, उंच, मिशी कातरलेली, बोलणं मोजकं. जैन. जयपुरात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण अंक तिकडे नातेवाइकांकडेही जातो म्हणून लिहिते. जमिनीखाली वाढतं ते खात नाहीत. म्हणजे कांदा, लसूण, बटाटा, बीट, आलं, सगळं बंद. अंड्याचं तर नावही काढायचं नाही. आणि सूर्य बुडाला की जेवण बंद. त्यांची बायको तर विकतचा पावही खात नसे. पाटनीजी पाव खायचे. घरून निघताना सांगून यायचे की काय ते मला माहीत नाही.

त्यांचं घर जुन्या शहरात, चारदिवारीत. पाचला ऑफिस सुटायचं आणि घरी पोचेपर्यंत थंडीत अंधार पडायचा. तेव्हा हिवाळ्यात चार वाजताचं माझं सँडविच हेच त्यांचं रात्रीचं जेवण असायचं. बाहेरचं दुसरं काहीही ते खात नसत. ऑफिसच्या पार्टीत समोसा आला की पाण्याचा ग्लास धरून कोपऱ्यात उभे राहायचे.

पहिलं वर्षभर त्यांनी मला फार छळलं. "बहनजी, चाकू वही है?" "बहनजी, पाट अलग है?" "इस मक्खन में वो कांदेवाला चम्मच तो नहीं गया?" मी एकदा वैतागून म्हटलं, "पाटनीजी, तुम्ही सँडविच खाता की साक्ष घेता?" ते हसले नाहीत. पण त्यांच्यासाठी मी वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळा लोण्याचा डबा ठेवला. बटाट्याऐवजी कच्चं केळं उकडून घालायचे. ज्यांना माहीत नाही त्यांनी करून बघावं, बटाट्यापेक्षा बरं लागतं. पर्युषणात, म्हणजे त्यांच्या व्रताच्या दिवसांत, हिरवं बंद असायचं, तेव्हा डाळ्याची कोरडी चटणी आणि पनीर. मग एक दिवस लक्षात आलं की त्यांनी विचारणं बंद केलंय. चारला यायचे, हात पुढे करायचे, खायचे, जायचे. अशी अठरा वर्षं.

मध्यंतरी ऑफिसात नवीन मॅनेजर आल्या, कपूर मॅडम. दिल्लीच्या, तरुण, चांगल्या. त्यांना प्रत्येक गोष्ट सोपी करायची हौस. एक दिवस मोबाइल घेऊन कँटीनमध्ये आल्या. "काकीजी, ये देखिए. सैंडविच का कैसरोल. कितना ईज़ी है!"

कॅसरोल म्हटल्यावर मी पोळ्या ठेवायचा गरम डबा पुढे केला. त्या हसून हसून दमल्या. मग व्हिडिओ बघितला. एक गोरी बाई. तिच्याकडचं कसलं तरी प्रसिद्ध सँडविच, दुकानात मिळणारं. आत मांस, चीज, आंबट कोबी. ते तिनं एकेक न करता मोठ्या ट्रेमध्ये थर लावून पसरलं. खाली पावाचे तुकडे, वर सगळा माल, परत पाव, आणि वरून अंडी-दूध फेटून ओतलं. भट्टीत घातलं. काढून चौकोनी वड्या पाडल्या. बारा माणसांचं सँडविच एकदम.

कमलेनं पदराआडून बघितलं आणि म्हणाली, "राम राम! इत्ता माँस!"

 पण माझ्या डोक्यातून तो ट्रे जाईना. दोन-दोन करून ग्रिलर दाबायचा माझ्या मनगटांना कंटाळा आला होता. मांस काढता येतं, कोबी काढता येतो. अंड्याचं काय ते बघू.

ट्रेसाठी मोठी भट्टी पाहिजे. मुरलीपुऱ्यात कमलेच्या गल्लीत गिर्राजची बेकरी आहे. तिथे बायका घरून मैदा, तूप, साखर घेऊन जातात आणि नानखटाई भाजून आणतात. तुमचं सामान, त्याची भट्टी. एका बाजूला त्याचं स्वतःचं चाललेलं असतं, पाव, टोस्ट, केक. माणूस सज्जन. मला अम्मा म्हणायचा. पहिला ट्रे घेऊन गेले तेव्हा उघडून बघितला आणि विचारलं, "अम्मा, ये मीठा है कि नमकीन?" मी म्हटलं, ते भाजून झाल्यावर कळेल.

पहिला ट्रे गेला कामातून. अंड्याऐवजी मी दही आणि बेसन ओतलं होतं. पाव भिजून लगदा. कमलेनं बोटानं दाबून बघितलं, बोट आतच राहिलं. "यो तो गद्दो छै, बाईसा," म्हणाली. म्हणजे ही गादी आहे. दुसरा ट्रे वाळून असा झाला की गिर्राज म्हणाला, अम्मा, हा दुकानाच्या पायरीला लावू का? तिसऱ्याला जमलं.

कृती सांगते, कारण मंडळातल्या बायका फोन करून विचारतात आणि मला तेच तेच बोलायचा कंटाळा येतो. पाव आधी भाजून घ्यायचा, कडक. दोन्ही बाजूंना लोणी. ट्रेमध्ये खाली पाव बसवायचा, फट ठेवायची नाही. त्यावर चटणी, नेहमीपेक्षा घट्ट. उकडलेलं केळं किंवा बटाटा. ढोबळी मिरची. टोमॅटो बिया काढून. काकडी घालायची नाही, भट्टीत तिचं नुसतं पाणी होतं. मग चीज. मग दूध, मैदा आणि लोण्याचा पातळ पांढरा सॉस, खिरीएवढा, जपून. वर परत पाव, वरून लोणी. भाजल्यावर लगेच कापायचं नाही. पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही, कितीही वास आला तरी. लगेच कापलं तर सांडतं, थांबलं तर वड्या पडतात.

तिसरा ट्रे काढताना गिर्राज वरून बघून म्हणाला, "अम्मा, स्वाद तो है, पर ऊपर से फीका लग रहा है. चमक नहीं है." मी म्हटलं, मला आरसा नाही करायचा, खायचंय.

ऑफिसात तो ट्रे दहा मिनिटांत संपला. कपूर मॅडमनी फोटो काढून कुठे कुठे पाठवले. दिल्लीच्या ऑफिसातून कुणी तरी विचारलं म्हणे, कुठल्या हॉटेलातून मागवलं? दोन दिवस मी जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही, एवढी ताठ झाले होते. पाटनीजींनी त्यातलं घेतलं नव्हतं, त्यात कांदा होता. त्यांना मी नेहमीचं करून दिलं.

मग डिसेंबरात त्यांची निवृत्ती आली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ. दोन आठवडे आधी ते खिडकीशी आले. एरवी हात पुढे करणारा माणूस बोलायला लागला म्हणून मी ग्रिलर बंद केला.

"बहनजी, विदाई में बाहर से कुछ नहीं मँगाना. सबको वही खिलाइए जो मैं खाता हूँ. सैंडविच. मेरी तरफ़ से."

"नव्वद जणांना?"

"हाँ. सब देखें तो सही कि मैं अठारह साल क्या खाता रहा."

एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला बरं वाटलं. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात ट्रे आला.

इथे खरं लिहायला पाहिजे. नव्वद सँडविच मी करू शकले असते. दोन ग्रिलर भाड्यानं आणले असते, सकाळपासून मी आणि कमला बसलो असतो, झाली असती. त्यांनी सँडविच मागितलं होतं, ट्रे मागितला नव्हता. पण मुख्य ऑफिसातून बडे साहेब येणार होते आणि मला ट्रे दाखवायचा होता. मनगटाचं दुखणं हे मी लोकांना सांगायचं कारण ठरवलं होतं. मी पाटनीजींना म्हटलं, तेच असेल, फक्त रूप वेगळं असेल. ते म्हणाले, "जैसा आप ठीक समझें." आणि गेले. काय काय घालणार, हे विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी सगळा माल माझ्या हातानं केला. नवीन पाट, धुतलेली सुरी, केळी, ढोबळी मिरची, आलं-लसूण नसलेली चटणी. आठ ट्रे. बाराला ते गिर्राजकडे पोचवले. त्याला बजावून सांगितलं, "यात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. कांद्याच्या टोस्टांबरोबर भट्टीत ठेवू नकोस. ट्रे वेगळे. हात धू." तो म्हणाला, "अम्मा, आप चिंता मत करो, अपना समझो." मी कमलेला घेऊन परत आले, नव्वद जणांचा चहा करायचा होता. भाजून झालं की ट्रे ई-रिक्षातून पाठवायचं ठरलं.

अंड्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. माझ्या ट्रेमध्ये अंडं नव्हतंच, मग बोलायचं कशाला, असं वाटलं. हा माझा हिशेब. बेकरीवाल्याचा हिशेब वेगळा असतो.

कार्यक्रम चारला होता. बडे साहेब साडेचारला आले आणि बोलायला उभे राहिले ते पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत. पाटनीजींबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. मी दाराशी उभी राहून खिडकीतलं ऊन बघत होते. डिसेंबरात इथे साडेपाच वाजून गेले की दहा मिनिटांत ऊन जातं. पाटनीजी गळ्यात हार घालून ताठ बसले होते. त्यांचंही लक्ष खिडकीकडेच होतं.

तेवढ्यात ट्रे आले. वर कागद, त्यावर फडकी. टेबलावर मांडले आणि कपूर मॅडमनी स्वतः पुढे होऊन कागद काढला. हॉलमध्ये "वाह!" असा आवाज झाला.

ट्रे चमकत होते. आठही ट्रे, पॉलिश केलेल्या टेबलासारखे. सोनेरी, तांबूस, वरून काच बसवल्यासारखे.

कमला खूश होऊन म्हणाली, "बाईसा, देखो तो!" मी बघत होते. माझ्या लोण्यानं अशी चमक येत नाही. तीन वेळा भाजून बघितलं होतं, येत नाही. मी बाहेर जिन्यात येऊन गिर्राजला फोन लावला.

"गिर्राज, वरून काय लावलंस?"

"अम्मा, पसंद आया ना? साहब लोगों का काम था, तो मैंने ऊपर से एग का हाथ मार दिया. देखो कैसी शाइन आई! उसका कुछ नहीं लूँगा, मेरी तरफ़ से."

त्याचा काही दोष नाही. बेकरीत कुठल्याही पावाला, पॅटीसला भट्टीत घालण्याआधी ब्रशनं अंडं फिरवतात. तो त्याच्या मायेनं वागला. कांदा, लसूण, बटाटा सांगितलं तेवढं त्यानं तंतोतंत पाळलं होतं.

फोन ठेवला. आणि आता हे लिहायचं नव्हतं, पण बाकीचं लिहिलंय तर हेही लिहिते. मी लगेच आत धावले नाही. मी फोन पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली आणि जिन्यात उभी राहिले. डोक्यात आलं, वरून नुसता हात फिरवलाय. चवीला कळणार नाही. गिर्राज मुरलीपुऱ्यात, तो सांगायला येणार नाही. कमलेला माहीत नाही. पाटनीजी उद्यापासून ऑफिसात यायचेही नाहीत. बडे साहेब "वाह" म्हणालेत. किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. चेन लावायला जेवढा लागतो त्यापेक्षा जास्त.

आत गेले तर आमच्याकडे वाढदिवसाला करतात तसं चाललं होतं. बडे साहेबांनी पहिली वडी उचलली होती आणि स्वतःच्या हातानं पाटनीजींना भरवायला निघाले होते. फोटोवाला म्हणत होता, "सर, थोड़ा इधर." त्यासाठी ते थांबले होते. वडी मिशीला टेकली होती.

मी अठ्ठावीस वर्षं या लोकांशी हिंदीत बोलले, पण त्या वेळी तोंडातून मराठीच निघालं. "पाटनीजी, खाऊ नका! अंडं आहे त्यात!"

मराठी कुणाला कळो न कळो, अंडं सगळ्यांना कळलं.  बडे साहेबांचा हात हवेतच. फोटोवाल्यानं मात्र नेमका तेव्हाच फोटो काढला. तो फोटो अजून ऑफिसात कुणाकडे तरी असेल. त्यात मी उघड्या तोंडानं दारात आहे, बरी दिसत नाही.

पाटनीजींनी मागे सरून रुमाल काढला. मिशी पुसली. ओठ पुसले. रुमालाची ती बाजू आत घेऊन घडी घातली आणि खिशात ठेवली. एखादा कण आत गेला होता का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

कपूर मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काकीजी, ये धीरे से भी बोल सकती थीं."

मी म्हटलं, "हळू बोलले असते तर गिळून झालं असतं."

मग जे व्हायचं ते झालं. निम्म्या हॉलनं ताटल्या खाली ठेवल्या. निम्मे पंजाबी, बंगाली, आपले एक-दोघे असे होते की ज्यांना अंडं चालत होतं, त्यांनी इकडेतिकडे बघून दोन-दोन वड्या घेतल्या. दुबेजी शाकाहारी, पण ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "काकीजी, नीचे वाली ब्रेड पर तो नहीं लगा ना?" मी म्हटलं, "दुबेजी, घरी जा."

पाच वीस झाले होते. मी हॉल सोडून कँटीनमध्ये आले. कमला माझ्या मागून. पाव होता, केळी होती, चटणी उरली होती. ग्रिलर तापायला ठेवला. कमला एकदम हळू आवाजात म्हणाली, "बाईसा, अब वे खावेला?" म्हणजे आता ते खातील का? मी म्हटलं, ते त्यांचं त्यांना ठरवू दे, तू टोमॅटो दे.

तेवढ्यात दारात पाटनीजी. हार काढून हातात घेतलेला. ते दारापर्यंत कधी आले नव्हते, खिडकीच्या पलीकडे असायचे.

"बहनजी, कितनी देर?"

"पाँच मिनट."

त्यांनी बाहेर बघितलं. समोरच्या इमारतीवरच्या टाकीवर ऊन होतं. मला वाटलं आता बाहेर जाऊन बाकावर बसतील. ते आत आले. ओट्यापासून दोन पावलांवर उभे राहिले आणि माझ्या हातांकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "साहब, बैठिए, लाती हूँ."

"नहीं, यहीं ठीक हूँ."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलट काही तरी बोलले असते, मला ते जमतं. मी लोणी लावलं, कडेपर्यंत. ते बघत होते. डब्याचं झाकण लावलं, ते त्यांनी बघितलं. केळ्याच्या चकत्या रचल्या, मिरची रचली. चटणीच्या वाटीत चमचा घातला तेव्हा ते थोडे पुढे वाकले. मी न विचारता सांगितलं, "आलं नाही, लसूण नाही." ते मान हलवून "हाँ" म्हणाले. विचारलं त्यांनी नव्हतंच. मी अठरा वर्षांनी पुन्हा साक्ष द्यायला लागले होते.

कमला मान खाली घालून भांडी पुसत होती. पुसलेलीच पुसत होती.

सँडविच ग्रिलरवरून काढलं आणि कापायला सुरी उचलली. त्यांचीच सुरी, सकाळी धुऊन ठेवलेली, दुसऱ्या कशाला न लागलेली. त्यांनी सुरीकडे बघितलं.  मी नळ सोडला, सुरी धुतली, हात धुतले, त्यांच्यासमोर स्वच्छ फडक्यानं पुसले. धुवायची काही गरज नव्हती. पण माझं धुऊन होईपर्यंत त्यांनी ताटली पुढे केली नाही.

मग त्यांनी ती पुढे केली. उभ्यानंच खाल्लं, दोन्ही तुकडे, सगळं. टाकीवर अजून ऊन होतं.